वहिनीनं एमबीए का केलं

माझी वहिनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर पंधरा वर्षं बसली. काम ऐकायला सोपं वाटतं. फोन वाजतो, कुणाची तरी लिफ्ट बंद पडलेली असते, तिथं मेकॅनिक धाडायचा. पण दोन मजल्यांच्या मध्ये माणूस अडकलेला असला की फोनवरचा आवाज ऐकवत नाही. वहिनी आधी त्याला नाव विचारायची, मग दारापासून लांब उभं राहायला सांगायची आणि बोलता बोलता दुसऱ्या फोनवर मेकॅनिकला गाठायची. साडेसहाशे लिफ्ट तिला तोंडपाठ होत्या. कुठल्या इमारतीचा वॉचमन मशीनरूमची किल्ली खिशात घालून जेवायला घरी जातो, कुठल्या दवाखान्यातल्या लिफ्टचं दार दमट हवेत अडतं, सगळं. मेकॅनिक तिला 'कंट्रोलताई' म्हणायचे.

त्यातल्या पहिल्या तेरा वर्षांत तिच्या डोक्यावर तीन साहेब येऊन बसले. तिघंही तिच्यापेक्षा लहान, तिघंही एमबीए. प्रत्येकाला पहिले सहा महिने तिनं काम शिकवलं आणि सातव्या महिन्यापासून तो तिला काम शिकवायला लागला. तिसरा तर स्वभावानं चांगला होता, हाच मोठा ताप. त्याच्यावर धड चिडताही यायचं नाही.

या तिसऱ्याच्या वेळची गोष्ट. तेव्हा मेकॅनिक लिफ्टच्या कंपनीप्रमाणे वाटलेले होते. एका बनावटीची लिफ्ट बिघडली की तिचा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघायचा, आणि बिघडलेल्या लिफ्टच्या शेजारच्या गल्लीत दुसऱ्या बनावटीचा मेकॅनिक आरामात चहा पीत असायचा. अडकलेल्याला दीड-दीड तास वाट बघावी लागे. वहिनीनं दोन रविवार घालवून घरी जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि रंगीत कागद चिकटवून त्याचे पाच भाग पाडले. एका भागातल्या सगळ्या लिफ्ट एका जोडीनं बघायच्या, बनावट कुठलीही असो. कागद कापायला मी होते. टेकडीवरच्या वस्तीपाशी आलो तेव्हा हिरवा कागद संपला, म्हणून तिथं पिवळा तुकडा लावला आणि वर पेननं 'हिरवा' असं लिहिलं.

साहेबानं नकाशा बघितला आणि म्हणाला, "ताई, कमाल आहे तुमची!" दीड महिन्यात त्यानं तो डायरेक्टरांपुढं मांडला. चार महिन्यांत वाट बघण्याची वेळ पस्तीस मिनिटांवर आली आणि साहेब बढती घेऊन मोठ्या ऑफिसात गेला.

"जाताना टीमचे आभार मानले त्यांनी," वहिनीनं घरी सांगितलं.

"टीम म्हणजे कोण?" दादानं विचारलं. दादा म्हणजे माझा भाऊ, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो.

"मी," वहिनी म्हणाली.

साहेबाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा वहिनीनं अर्ज करायला घेतला. कंप्युटरवर शिक्षणाच्या रकान्यापाशी गाडी अडली. ती भरती बघणाऱ्या बाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "तिथं एमबीए टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही हो."

"मग तुम्ही उघडा ना."

"माझ्या हातात काय आहे, ताई?"

त्या संध्याकाळी वहिनीनं जाहीर केलं की ती एमबीएला बसणार. शनिवार-रविवारचे वर्ग, दोन वर्षं. वय बेचाळीस.

"या वयात?" दादा म्हणाला.

"वय रोज कामावर नेतेच की मी. वर्गातही नेईन."

प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी तिच्या कॉलेजातल्या भाचीनं करून घेतली. एमबीए का करायचंय, या प्रश्नाला नेतृत्वगुण, व्यापक दृष्टी, व्यवसायाची सर्वांगीण जाण असं चार ओळींचं उत्तर तिनं पाठ करवलं. वहिनी स्वयंपाक करताना ते पुटपुटत असायची. प्रत्यक्षात टेबलापलीकडे तिघं बसलेले बघून दुसऱ्या ओळीलाच तिची बोबडी वळली. मग ती म्हणाली, "पुढचं पान उघडत नाही म्हणून." दोघं हसले. तिसऱ्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. प्रवेश मिळाला.

दोन वर्षं आमच्या घराला सुट्टीचा वार उरला नाही. वर्गातली मुलं तिला 'आंटी' म्हणायची. गटानं करायचं काम म्हणजे चौघांनी गप्पा मारायच्या आणि आंटीनं लिहायचं. कधीच न पाहिलेल्या साबणाच्या कंपनीनं काय करायला हवं होतं, यावर ती पानंच्या पानं खरडायची आणि पेन आपटायची. एकदाच ती वर्गातून धावत आल्यासारखी आली. रांगांचं गणित शिकवलं होतं. किती फोन आले, किती माणसं हाताशी असली, तर कोण किती ताटकळेल, हे काढायचं गणित.

"अगं, मला इतकी वर्षं डोळ्यांसमोर दिसत होतं, त्याला सूत्र आहे!" ती म्हणाली. मग बसली, आणि चेहरा उतरला. "कुणी आधी सांगितलं असतं तर केवढी माणसं कमी अडकली असती."

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी पाहुणे व्याख्याते येणार होते. दारातून आत आला तो तिसरा साहेब. विषय होता, 'ग्राहकसेवेतला बदल'. त्यानं पडद्यावर चित्र टाकलं. वहिनीचा नकाशा! नव्यानं, सुबक काढलेला. पाच रंग तेच. टेकडीवरची वस्ती पिवळी, चहूबाजूंनी हिरवा, आणि पेननं लिहिलेला शब्द मात्र गायब.

वहिनीनं हात वर केला. "सर, एवढाच तुकडा पिवळा का?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलंच नसावं. म्हणाला, "चांगला प्रश्न! तिथल्या वाहतुकीचा आम्ही खास अभ्यास केला होता."

"हिरवा कागद संपला होता, सर."

वर्गात हशा पिकला. तेव्हा साहेबानं तिला ओळखलं. तोही मोकळेपणानं हसला. "अरे, ताई! बघा, आमच्या टीममधल्या या. अशी माणसं लागतात बरोबर. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." साठ जणांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीला उभं राहून मान लववावी लागली.

"भांडायला तोंड उघडलं होतं गं मी," ती नंतर म्हणाली. "पण टाळ्या वाजत असताना भांडायचं कसं?"

त्याच व्याख्यानावर तीन पानं लिहून आणायला सांगितलं होतं. वहिनीनं जीव ओतून लिहिलं. विभागणी का सुचली, पहिले तीन महिने मेकॅनिकांना परक्या बनावटीच्या लिफ्टचा कसा त्रास झाला, दोन जुनी माणसं कशी सोडून गेली, भाषणात न आलेलं सगळं. वीसपैकी अकरा गुण पडले. शेरा होता : 'विधानांना आधार नाही. संदर्भ द्या.'

ती प्राध्यापक बाईंकडे गेली. मुलाखतीत न हसलेल्या त्याच बाई.

"मॅडम, आधार मीच आहे. हे मी केलंय."

बाईंनी पानं पुन्हा चाळली. "मला पटतंय हो. पण स्वतःचा शब्द संदर्भ म्हणून चालत नाही. सरांचं भाषण छापलेलं आहे. त्याचा संदर्भ द्या, मी गुण वाढवते."

वहिनीनं तळटीपांत सात ठिकाणी साहेबाचं नाव घातलं. सोळा गुण मिळाले. त्या दिवशी ती घरात न येता जिन्याच्या पायरीवरच बसली. मी विचारलं, काय झालं?

"त्यानं माझं काम घेतलं होतं, ते एक ठीक. आज मी माझ्या हातानं त्याच्या नावावर करून आले."

शेवटी पदवी मिळाली. कंपनीत पुन्हा जागा निघाली आणि या वेळी पुढचं पान उघडलं. त्याच्या पुढचंही उघडलं. डायरेक्टरांसमोर मुलाखत झाली, आणि आठवड्यानं त्याच भरतीवाल्या बाईंनी तिला बोलावलं.

"पदवीनंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, ताई."

"आणि माझी पंधरा वर्षं?"

"ती पदवीच्या आधीची आहेत ना."

वहिनी काही बोलणार एवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन खणखणला. कुणी बाई तान्ह्या मुलाला घेऊन चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकल्या होत्या. वहिनी गेली, तिनं नाव विचारलं, दारापासून लांब उभं राहायला सांगितलं. एकोणीस मिनिटांत त्या बाहेर आल्या. मग तिनं राजीनामा टाईप केला, पण दिला नाही. दुसरीकडे काम मिळेपर्यंत चार महिने खिशात घेऊन हिंडली.

काम मिळालं ते टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर ऑफिस असलेल्या एका छोट्या कंपनीत. अकरा मेकॅनिक, सर्व्हिस मॅनेजरची जागा. मालक स्वतः जुना मेकॅनिक. त्यानं अर्धा तास नुसत्या लिफ्टच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, "सोमवारपासून येता का?" शिक्षणाचं त्यानं विचारलंच नाही. तिनंच पिशवीतून पदवीची प्रत काढून पुढं केली, तर म्हणाला, "राहू द्या, इथं ठेवायला जागा नाही."

दादा पेढे आणायला निघाला होता. वहिनी खुर्चीत हाताची घडी घालून बसलेली.

"झालीस ना मॅनेजर? मग तोंड का पाडून बसलीस?"

"हे मला दोन वर्षांपूर्वीही मिळालं असतं. मी तिकडं बघितलंच नाही, त्या एका पानाशीच डोकं आपटत बसले."

"शिकलीस तर खरी."

"शिकले. त्या रांगांच्या गणितासाठी मी पुन्हा दोन वर्षं जाईन, अहो. बाकीच्याचा मला राग येतोय, तो येऊ द्या. लगेच गोड तोंड करायला सांगू नका."

दादानं पायांतल्या चपला काढल्या आणि तो तिच्याशेजारी जाऊन बसला. पेढे आम्ही चार दिवसांनी आणले. तोवर तिचा राग गेला होता असं नाही. दुकान बंद व्हायच्या आत आणावे लागले, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तिचा नव्या कामावरचा पहिला दिवस.