पाहुण्यांचं ‘नको’

तुमच्या आजोबांना स्ट्रोक आला त्याला आता वर्ष होत आलं. हात चालतो, पाय चालतो, आणि बोलण्याबद्दल तर विचारूच नका. फक्त समोरच्याचा चेहरा त्यांना वाचता येत नाही. माणूस ओळखतात, पण तो हसतोय की रुसलाय ते कळत नाही.

यात खरं नुकसान माझं झालं. आवाज न चढवता, नुसत्या भुवईवर मी हे घर चालवलं. आता भुवई उचलली की ते विचारतात, “डोळ्यात काही गेलं का?” मग शिस्तीत जाहीर करावं लागतं, “अहो, मी रागावले आहे.” एवढं सांगेपर्यंत निम्मा राग निघून जातो.

मागच्या महिन्यात कन्नड गावचे आबा, म्हणजे तुमच्या आईचे वडील, तब्येत बघायला आले. चेहऱ्यांचं त्यांना सांगितलं नव्हतं. “व्याह्यांना कशाला?” असं आजोबांनीच बजावलं होतं. मी पुरणपोळ्या केल्या आणि आजोबा वाढायला उठले. पंगतीत आग्रह करावा तो त्यांनीच. कुणाचं ‘नको’ खरं आणि कुणाचं भिडेचं, हे त्यांना पाहुण्याच्या तोंडावरून कळायचं.

पहिली पोळी संपल्यावर आबांनी रीतीप्रमाणं ताटावर हात आडवा धरला. “नको, नको. लई झालं.” डोळे मात्र तुपाच्या वाटीवर.

“बरं,” म्हणून आजोबांनी डब्याला झाकण लावलं आणि डबा आत नेऊन ठेवला.

आबांचा हात ताटावर तसाच राहिला. थोड्या वेळानं ते म्हणाले, “निघतो मी. चारची एसटी हाय.”

लेकीच्या सासरी एका पोळीवर उठवलं, ही गोष्ट कन्नडला पोचली असती तर तुमच्या आईला माहेरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी आबांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं, ताटावरचा हात काढला आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “व्याहीबुवा, मला राग आलाय. आणि अजून दोन पोळ्या पाहिजेत.”

आजोबा डबा घेऊन आले. दोन पोळ्या वाढल्या, तूप सोडलं. “आता?”

“राग गेला. तूप कमी हाय.”

निघताना आबा फाटकाशी थांबले. “बघा, मी हसत चाललोय. ध्यानात ठेवा.”

ते वळणापलीकडे गेल्यावर आजोबांनी हळूच विचारलं, “खरंच हसत होते ना? का मला बरं वाटावं म्हणून?”

“खरंच हसत होते.”

“आणि तू?”

मी पदरानं डोळे पुसत होते. म्हटलं, “हसते आहे आणि रडतेही आहे.” हे त्यांना समजावून सांगण्यात संध्याकाळचा चहा गार झाला.

तेव्हा बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर गाल फुगवून बसू नका. पोरं गुटगुटीत झाली म्हणून आजोबा खूश होतात. काय असेल ते तोंडानं सांगत जा.