फ्लोरिदोरची लांबलेली वाट

आमच्या एल्की दरीत शेळ्या राखणारे पुष्कळ आहेत, पण उन्हाळ्यात कळप बर्फाच्या रेषेखालच्या उंच कुरणांवर न्यायचा, तर पुढे चालायचा मान फ्लोरिदोरचा. वाट आम्ही चहाने मोजतो. दमलं की थांबायचं, काटक्या पेटवायच्या, कडू चहा प्यायचा, उठायचं. अलीकडे फ्लोरिदोरच्या वाटेवर चहा वाढत चालले होते. त्याची मुलगी यास्ना म्हणाली, "बाबा, यंदा कळप मी नेते. तुम्ही घरी चीज बघा."

म्हातारा जेवला नाही त्या दिवशी.

मग तो डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत चीज पोचवायला गेला. तिथे इग्नासिया नावाची खगोलशास्त्रज्ञ बाई न्याहारी करत बसली होती. तिने गप्पांत सांगितलं, की विश्व फुगतंय. ताऱ्यांचे प्रचंड थवे, म्हणजे दीर्घिका, एकमेकींपासून दूर चालल्या आहेत. जी जितकी लांब, तितकी ती वेगाने जाते. एकीचा उजेड आत्ता दुर्बिणीत पोचला. तो निघाला तेव्हा जगात शेळीही नव्हती आणि गुराखीही.

फ्लोरिदोर डोंगर उतरला तो तरुण होऊनच. चर्चसमोर आम्हाला गाठून म्हणाला, पाय थकलेले नाहीत, डोंगरच ताणला गेलाय. नेफ्ताली लोहार म्हणाला, "तरीच गुत्त्यावरून घरी पोचायला मला इतका उशीर होतो."

यास्ना हसली नाही. पुढच्या खेपेला ती बापाबरोबर वेधशाळेत गेली. बापाने स्वतःच विचारलं, "बाई, आमची वाट वर्षाला किती वाढते?"

इग्नासियाने पेला खाली ठेवला.

"वाढत नाही, काका. पृथ्वीने डोंगर धरलाय, सूर्याने पृथ्वी. आपली आकाशगंगाही स्वतःला धरून आहे. इतकी ओढ असते तिथे काही ताणलं जात नाही. दीर्घिकांच्या दोन झुंडींच्या मधे जी अफाट पोकळी आहे, ती तेवढी वाढते."

तो खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे बघत राहिला.

"म्हणजे पायच," तो म्हणाला.

"पायच, बाबा," यास्ना म्हणाली.

निघायच्या सकाळी फ्लोरिदोरने म्होरक्या शेळीची दोरी लेकीच्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा त्या चढाला तो खेचरावर बसला.

"हो पुढे. चुकलीस तर मागून ओरडेन."

"आणि नाही चुकले तर?"

"तर गाईन."

कळप वळणाआड गेला, तरी त्याचा भसाडा सूर कितीतरी वेळ घळीतून खाली येत होता.