खंडेनवमीला निघालेली साडेसाती

मला तीर्थपुरीच्या गुरुजींनी वाचवलं, हे आधी सांगतो. देवाचा नंबर त्यांच्यानंतर.

आठवीतून शाळा सोडून मी एका शेठची गाडी चालवत होतो. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. औषधांचा धंदा आहे, एवढंच मला ठाऊक. खंडेनवमीला भाऊ म्हणाला, "हत्यारं पूजेला मांड." मी इमानदारीत जॅक आणि पान्हे मांडले. त्याच्या माणसांनी शेजारी कोयते, पिस्तुलं आणि गांजाची पुडकी ठेवली. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी सगळ्यांना सारखंच हळदीकुंकू वाहिलं.

"उद्या एकाला उचलायचंय. गाडी हाच चालवल," भाऊ म्हणाला. मी पूजेतले माझे पान्हे परत गोळा करायला लागलो.

गुरुजी माझ्या तोंडाकडं बघून दचकले. "भाऊ, ह्याला साडेसाती हाय! गाडी बराबर पोलीस ठाण्यात घालील."

पोलिसांना न भिणारा भाऊ शनीला भ्याला. "घिऊन जा ही पनवती, जल्दी!"

गुरुजींच्या स्कूटीवर मागं बसून मी विचारलं, "खरंच साडेसाती हाय का?"

"होती की. आत्ताच तिच्या फाटकातून बाहेर पडलो न्हाई का!"

आता मी भाऊपासून लांब, सुरतेत शाळेची बस चालवतो. मागं अनोळखी गाडी रेंगाळली की अजून बस बाजूला घेऊन तिला पुढं जाऊ देतो. पण स्वतःची गाडी घेईन, तेव्हा गुरुजींना पुढच्या सीटवर बसवून म्हणतील तिथं नेईन.