खंड्याच्या फोटोतला निरोप

सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या जंगलाला लागून आमची चौकी होती. मी सिग्नल हवालदार. आमच्याच चौकीचा नाईक टेंभुर्णे सडक अर्जुनीकडचा. गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, सगळं घरच्यासारखं बोलायचा, म्हणून नक्षल्यांची खबर काढायला त्याला साध्या कपड्यांत गावात ठेवलं होतं. लोकांच्या लेखी तो पक्ष्यांचे फोटो काढत फिरणारा रिकामटेकडा होता.

त्याचे फोटो हेच आमचं टपाल. फोटो रंगांच्या लाखो ठिपक्यांचा बनतो. त्या ठिपक्यांचे रंग किंचित बदलून टेंभुर्णे त्यात मजकूर लपवायचा. डोळ्याला काही कळत नसे. माझ्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला की अक्षरं बाहेर यायची. एकदा नक्षल्यांनी त्याचा फोन तपासला आणि खंड्याच्या फोटोची तारीफ केली. त्या फोटोत त्यांच्याच तळाचा ठावठिकाणा होता. असा पठ्ठ्या मी पुन्हा पाहिला नाही.

त्या सकाळी आमची गस्तीची पार्टी दोन गाड्यांतून चौकीकडे परतत होती. टेंभुर्णेचा फोटो आला. उघडला, आत काहीच नाही. घाईत त्याने तो फाइल म्हणून न पाठवता साधा फोटो म्हणून पाठवला होता. अ‍ॅप असा फोटो दाबून लहान करतं आणि लपवलेला मजकूर पुसला जातो. मी ठरल्याप्रमाणे लिहिलं, "भाऊ, धूसर आला. परत पाठव."

त्याच्या गावात नेटवर्क फक्त टेकडीवर मिळायचं, तेही रडतखडत. नेटवर्कसाठी तिथे गावातले चारजण जमायचे, त्यांत नक्षल्यांचाही एखादा खबऱ्या असायचा. फोनवर बोलायची सोय नव्हती. मूळ फाइल जड. ती जाईपर्यंत टेंभुर्णे सगळ्यांदेखत तिथेच उभा राहिला. मजकूर निघाला: चौकीच्या रस्त्यावर, मोरीखाली सुरुंग.

मी वायरलेस सेट उचलला. "हॉल्ट. जहाँ हो, वहीं हॉल्ट."

"रॉजर. हॉल्टेड."

मोरी समोर दिसत होती, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. पण गाड्या मोरीच्या अलीकडे थांबलेल्या टेकडीवरून दिसल्या, तसा तिथल्या खबऱ्यालाही टेंभुर्णेच्या फोटोचा उलगडा झाला. आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा टेंभुर्णे गोळी लागून पडला होता. जीव गेला होता. मी कमांडरसमोर ढसाढसा रडलो.

पुढे त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या फोटोत माह्यासाठी काई लिवलन होतं का?"

मी खरं ते सांगितलं. फक्त मोरीचं लिहिलं होतं, दुसरं काही नाही.

ती म्हणाली, "बराबर केलन. चौकीचे पोट्टे त्याच रस्त्यानं येऊन राहिले होते ना."