ताईंनी तोललेल्या दोन गाड्या

मोटारसायकलींच्या त्या मासिकात ताई बावीस वर्षं तक्ते जुळवत होत्या, आणि या बावीस वर्षांत त्या एकदाही मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. बसने यायच्या, चष्मा पुसायच्या, स्टीलची पट्टी कागदावर ठेवायच्या आणि एकेक ओळ तपासत खाली सरकायच्या. गुळगुळीत फोटोंकडे त्यांचं लक्षच नसे. कोणती गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते, ब्रेक दाबल्यावर किती मीटरवर थांबते, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं.

गाड्या चालवून बघायचं काम सुसाटचं. खरं नाव सगळेच विसरले होते. चाळिशी उलटली तरी गडी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायचा, आणि लिहायचाही तसाच.

त्या महिन्यात दोन स्पोर्ट्स बाइक्सची तुलना होती, एक लाल आणि एक निळी. सुसाटचा जीव लाल गाडीवर जडला होता. ‘लाल गाडी तब्बल एकोणीस किलोंनी हलकी आहे आणि ते प्रत्येक वळणावर जाणवतं,’ असं त्यानं ठोकून दिलं होतं. अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता.

ताईंची पट्टी वजनाच्या ओळीवर थांबली ती थांबलीच. त्यांनी दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. लाल गाडीच्या आकड्यावर एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा होता: पेट्रोल, ऑइल आणि बॅटरी वगळून. निळीचं वजन मात्र टाकी भरून दिलेलं होतं.

ताई उठून थेट संपादकांच्या खोलीत गेल्या. सुसाट तिथेच चहा पीत बसला होता.

“साहेब, हे कसलं वजन? एका पैलवानाला लंगोटावर तोललंय आणि दुसऱ्याला ओव्हरकोट-बुटांसकट!”

“ताई, मी चालवलीय ना ती,” सुसाट हसला. “हलकीच आहे.”

“मग तोलू या. हलकी असेल तर मी गप्प बसेन.”

संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, “चला.”

मोठा वजनकाटा जवळपास फक्त भंगारवाल्याकडे होता. दोन चकचकीत गाड्या आत येताना पाहून तो हातातलं काम टाकून धावत आला. “अहो, एवढ्यात भंगारात काढल्या?” त्याची समजूत काढता काढता संपादकांना घाम फुटला.

दोन्ही टाक्या वाटेतच काठोकाठ भरून आणल्या होत्या. आधी निळी चढवली. एकशे नव्व्याण्णव किलो. मग लाल. काटा थरथरला आणि दोनशे एकवर स्थिरावला.

सुसाटनं गाडी उतरवून पुन्हा चढवली. पुन्हा दोनशे एक.

“मग वळणावर जाणवलं ते काय होतं रे?” ताईंनी विचारलं.

सुसाटनं कान खाजवला. “लाल रंग असेल.” मग तो स्वतःच इतक्या जोरात हसला की भंगारवालाही हसू लागला.

त्या दुपारी लेख नव्यानं लिहिला गेला. लालची ताकद तीन अश्वशक्तींनी जास्त, निळी शंभरच्या वेगावरून दोन मीटर अलीकडे थांबणारी, वजन जवळजवळ सारखंच. आणि मुखपृष्ठावरचा ‘लालची बाजी’ हा मथळा जाऊन ‘तोडीस तोड’ आला.

पण खरी गंमत काट्यापाशी, परत निघताना झाली होती. “बसून तर बघा,” असं सुसाटनं आग्रहानं म्हटलं आणि ताई साडी सावरून लाल गाडीवर चढल्या. पाय लोंबकळले. निळीवर बसल्या तेव्हा चवडे टेकले. सीटच्या उंचीचे दोन्ही आकडे त्यांनीच जुळवले होते, पण ते चार-पाच सेंटिमीटर म्हणजे काय, हे पहिल्यांदाच पायांना कळलं.

घरी त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. नवरा म्हणाला, “मला निवडताना नाही बुवा एवढी चौकशी केलीस!”

“म्हणूनच आता कुठलाही आकडा सोडत नाही,” ताई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, “मी गाडी शिकणार आहे.”

सुसाटनंच शिकवलं. कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत, एका जुन्या लहान गाडीवर. पहिल्या आठवड्यात ताईंनी तीन कुंड्या फोडल्या आणि एकदा थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत जाऊन थांबल्या. तो बिचारा त्यानंतर उभ्यानंच पहारा देऊ लागला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परवाना मिळाला. तक्त्यात त्यांनी स्वतःहून एक नवी ओळ घातली: ‘पाच फूट उंचीच्या माणसाचे पाय टेकतात का?’ त्या ओळीसाठी वाचकांची इतकी पत्रं आली, की संपादकांनी ती कायमची करून टाकली.

पुढच्या वर्षी चाचणीच्या ट्रॅकवर ताई पँट, जाकीट आणि हेल्मेट घालून निळ्या गाडीच्या नव्या मॉडेलवर बसल्या. ताशी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही, पण फेऱ्या चांगल्या सहा मारल्या. सुसाट कठड्याशी स्टॉपवॉच धरून उभा होता, जरी त्याची काहीच गरज नव्हती.

हेल्मेट काढलं तेव्हा ताईंचे गाल लालबुंद झाले होते आणि केस चारी दिशांना उभे होते.

“कशी वाटली?” त्यानं विचारलं.

“दुसऱ्या गिअरमध्ये किंचित कुरकुरते,” ताई धापा टाकत म्हणाल्या. “लिहून घे.”