ठिबकचं प्रशिक्षण आणि दाराबाहेरची बाई

तेव्हा मी टोमॅटोची प्युरी करणाऱ्या एका कंपनीत शेतीसल्लागार होते. बिबवेवाडीतल्या एका हॉलमध्ये आम्ही ठिबकचं प्रशिक्षण ठेवलं होतं. आमंत्रणं कंपनीशी टोमॅटोचा करार केलेल्या शेतकऱ्यांना, सातबाऱ्यावरच्या नावांना गेलेली, म्हणजे झाडून सगळे पुरुष.

चहानंतर दारात आवाज चढला. धायरीपलीकडच्या गावातून नवऱ्याबरोबर आलेल्या एका बाईंना रखवालदार अडवत होता.

"अहो, यादीत नाव नाही. बाहेर खुर्ची आहे, बसा."

"पाण्याचा वॉल मी फिरवते. यांना इचारा, किती वेळ सोडत्यात."

नवरा चपलांकडे बघत म्हणाला, "तिलाच ठावं हाय."

मी आमच्या साहेबांकडे गेले.

"करार ज्याच्या नावावर, प्रशिक्षण त्याला," ते म्हणाले. "आपण शिकवा, मॅडम. धोरण आमच्यावर सोडा."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी जीव तोडून शिकवत होते आणि दोन्ही वर्षं त्यांच्या टोमॅटोची बुडं काळी पडत होती. टेबलावरची ठिबकची नळी आणि ओलावा मोजायचं यंत्र उचललं आणि सरळ बाहेर पार्किंगमध्ये गेले. हॉल बसला ताटकळत.

बाईंना सांगितलं, पाणी रोज थोडं, मोजून. मुळांशी ओल सारखी राहिली पाहिजे. तोडणीच्या आधी पाणी कमी करायचं, म्हणजे गर घट्ट होतो.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे तर घरी येऊन म्हनले, कंपनी म्हनती भरपूर पानी द्या. मी चार दिस कोरडं ठेवायची आन् पाचव्या दिशी वाफा भरायची. म्हनून बुडं काळी?"

"हो."

"मग दोन वर्सं मला कुनीच कसं सांगितलं न्हाई?"

त्या माझ्यावर चिडल्या होत्या, आणि ते रास्तच होतं. शेतात पाणी कोण सोडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या हंगामात त्यांच्या रानात काळं फळ शोधावं लागलं. माल वाढला, गरही दाट. कंपनीने सत्कार ठेवला आणि शाल घातली नवऱ्याला. साहेबांचं भाषण चांगलं लांबलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी साहेबांना जिन्यात गाठलं. "फुडचा करार माझ्या नावानं करा."

"बघू," साहेब म्हणाले आणि खाली उतरून गेले.

दोन हंगाम झाले, अजून बघताहेत. मी ती नोकरी सोडली. त्या 'बघू'चा राग मात्र गेलेला नाही.