यंत्रमानव उभा राहणार

नगरपालिकेच्या निवडणुकीला मी आयुष्यात कधीही उभा राहिलो नाही. ही गोष्ट वर्तमानपत्रात छापून जाहीर करावी लागलेला अमरावतीतला मी बहुधा एकमेव माणूस असेन.

एकोणीसशे साठच्या दशकातली हकीकत आहे. अमरावतीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. महिनाअखेर व्हायची होती. कचेरीत एक नियम कडक होता. ज्याला निवडणुकीला उभं राहायचं असेल त्याने आधी राजीनामा द्यावा. या नियमाची मला काळजी वाटण्याचं कारण नव्हतं. (कचेरीत मी पाणी प्यायलासुद्धा खुर्चीवरून उठत नसे.)

त्या उन्हाळ्यात माझे मेहुणे मनोहरराव जपानहून परतले. ते अकोल्याच्या एका गिरणीत यंत्रांवर होते आणि गिरणीने त्यांना सहा महिने शिकायला पाठवलं होतं. येताना त्यांनी धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, एक खोका आणला. प्रमिलाला साडीची अपेक्षा होती. खोक्यातून निघाले प्लास्टिकचे शंभरावर तुकडे! झाकणावर चित्र होतं : चौकोनी छातीचा यंत्रमानव, एक पाय पुढे, एक हात वर.

"साडी साडी म्हणून वाट पाह्यली, अन् दादानं भंगार आणलं!" प्रमिला म्हणाली. दहा मिनिटांनी ती त्याच भंगारावर ओणवी होऊन बसली होती.

सूचनांचा कागद संपूर्ण जपानीत होता. भाषेचा माणूस म्हणून तो मी वाचायला घेतला. (उलटा धरला होता, हे मला नंतर कळलं.) प्रमिला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिने कागद माझ्या हातातून घेतला, सरळ केला आणि दोन मिनिटं पाहिला.

"अवो, यात वाचाचं काय हाये? झंपर बेतल्यासारखं तं हाये! ही बाही, हा खांदा, इथं जोड."

पुढचे पंधरा दिवस तिने जे केलं, ते मी बाजूला बसून पाहिलं. एकेक तुकडा ती ब्लेडने चौकटीतून सोडवायची, काठ पॉलिशपेपरने घासायची, गोंद न लावता आधी जुळवून पाहायची. "पहिले कच्ची टीप, मंग पक्की," हे तिचं सूत्र. उन्हाने गोंदाची नळी पाझरू लागली, तेव्हा तिने ती माठाखालच्या ओल्या वाळूत खुपसून ठेवली. ट्रंका रंगवणाऱ्याकडून चंदेरी रंग आणला, पाट्या रंगवणाऱ्याकडून बारीक कुंचला. छातीवरचे मोहरीएवढे खिळे तिने टाचणीच्या टोकाने एकेक करून रंगवले. श्वास रोखून! इतका स्थिर हात पुढे मी फक्त छापखान्यातल्या दोन जुन्या कंपोझिटरांचा पाहिला, आणि त्यांनाही अधूनमधून विडी लागायची.

मलाही काहीतरी करू दे, असा मी हट्ट धरला.

"पाय तेवढे तुमी बसवा," ती म्हणाली. "पायात काय बिघडते?"

डावं पाऊल मी उजव्या पायाला चिकटवलं आणि उजवं डाव्याला. यंत्रमानव उभा राहिला, डुलला आणि तोंडावर पडला. मी गुडघा थोडा वाकवला. या खेपेला पाठीवर पडला!

मग मी मनोहररावांना कार्ड लिहिलं. मजकुरातून फालतू शब्द कापायचा, ही कचेरीतली शिस्त मी घरीही पाळत असे. खोका त्यांनीच आणलेला, तेव्हा 'यंत्रमानव' हा शब्द फालतू ठरला. तो कापल्यावर उरलं ते असं :

'रविवारी सकाळी उभा राहणार. आतापर्यंत दोनदा पडून झाले. डोके ठिकाणावर, पाय कच्चे. रंग ठरायचा आहे. मागून आधार लागेल. आपण अवश्य यावे.'

कार्ड मी पोस्टमन शेषरावच्या हाती दिलं. नगरपालिकेची निवडणूक महिन्यावर आली होती, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसाची निवडणुकीची बातमी मीच लिहिली होती!

दुसऱ्या दिवशी शेषराव सायकलवरून उतरून नमस्कार करता झाला. "भाऊ, दोनदा पडून हिंमत सोडली नाही. मानलं तुमाले!"

"पाय कच्चे आहेत, दुसरं काय," मी म्हणालो.

"पाय आमी मजबूत करू ना! रंग कोनता घेऊन राहिले?"

"लाल नाहीतर निळा. प्रमिला ठरवेल."

"वहिनी ठरवून राहिल्या? वा!" शेषराव भारावून निघून गेला.

संध्याकाळी भाजीवाल्या कौसल्याबाईंनी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट वर टाकली आणि म्हणाल्या, "भाऊ, उभे राहून राहिले म्हनते तुमी निवडणुकीले. मंग आमच्या गल्लीतल्या नळाचं पाहा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "कौसल्याबाई, मी उभा नाही हो!"

"बापूसायेब बी मागच्या खेपेले असंच म्हनत होते. मंग राह्यले उभे, अन् आले बी निवडून!"

मी जितका नाकारत गेलो तितकी माझी उमेदवारी पक्की होत गेली. शनिवारी कचेरीचा शिपाई संपादकांची चिठ्ठी घेऊन आला. संपादक मूळचे पुण्याचे, अक्षर मोत्यासारखं. 'तुम्हाला कायम करण्याचा कागद समोर आहे. शहरात वेगळंच ऐकतो. उद्या सकाळी स्वतः येतो. उभे असाल तर राजीनामा तयार ठेवावा.'

मी प्रमिलाला चिठ्ठी दाखवली. तिने ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"एक शब्द वाचवाले नोकरी घालवता काय तुमी?"

तिने रात्रीच्या आत दोन्ही पावलं सोडवली, घासली आणि अदलाबदल करून पुन्हा चिकटवून सुकायला ठेवली. छाती लाल रंगवली.

रविवारी सकाळी संपादकांच्या आधी बापूसाहेब आले. ते आमच्या वॉर्डाचे मेंबर. सोबत चार माणसं.

"भाऊ, तुमी शिकेल मानूस. तुमाले काहून पाह्यजे हे लचांड? माह्यासाठी बसा."

"अहो, मी बसलेलोच आहे!" मी म्हणालो. मी खरोखरच खुर्चीवर बसलो होतो.

बापूसाहेबांनी मला मिठीच मारली. "बसले! भाऊ बसले!" चारही माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच क्षणी दारात संपादक उभे. "कोण बसलं?"

आणि आतल्या खोलीतून प्रमिला ओरडली, "उभा राह्यला! अवो, उभा राह्यला!"

संपादकांनी चष्मा पुसला. "एकदा काय ते ठरवा. तुम्ही उभे आहात, की बसलात?"

तेवढ्यात प्रमिला पाट घेऊन बाहेर आली. पाटावर वीतभर उंचीचा यंत्रमानव होता. एक पाय पुढे, एक हात वर, गुडघा किंचित वाकलेला, आता निघालाच अशा बेताने. पाट टेबलावर टेकला तरी तो हलला नाही. बापूसाहेबांनी नकळत टोपी सारखी केली.

संपादक वाकले. बराच वेळ पाहत राहिले. "जोड कुठे आहेत?"

"घासले," प्रमिला म्हणाली.

"आणि पाय?"

"पहिले यायनं बसवले होते. मंग मी बसवले."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कशालाही उभं करू शकणार नाही, स्वतःला तर नाहीच, याबद्दल त्यांची पूर्ण खात्री झालेली दिसली. सोबत आणलेल्या कायम करण्याच्या कागदावर त्यांनी तिथेच सही केली. मात्र एक खुलासा उद्याच्या अंकात गेला पाहिजे, म्हणाले.

मी तीन परिच्छेद लिहिले. संपादकांनी ते बाजूला सारले आणि प्रमिलाला विचारलं. तिने तोंडी सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं छापलं : 'उभा आहे तो प्लास्टिकचा यंत्रमानव, आमचे हे बसले आहेत.'

सोमवारी शहराने त्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे वाचले. शेषरावने कार्डं दारात न देता खिडकीतून फेकायला सुरुवात केली. कौसल्याबाईंनी वरचा सांबार बंद केला. "काय घेऊन बसले, भाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारची गाडी चुकलेले मनोहरराव दुपारी अकोल्याहून येऊन पोचले. हातात बॅग आणि आमचा अंक, चेहरा पडलेला.

"जवाईबापू, मागून आधार द्याले मी गिरणीतून आठ दिवसाची रजा टाकली! अन् तुमी बसले?"

खोका ज्यांनी आणला त्यांनाही कार्ड तसंच कळलं होतं! मी त्यांना टेबलाशी नेलं. त्यांनी यंत्रमानवाला चारही बाजूंनी पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा त्याला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "तुमी बसले ते बरंच झालं. पण याले उभं कराले पाह्यजे होतं. निवडून आला असता."

माझंही मत त्यालाच गेलं असतं.